ज्योतीराम हां म्हणाला

ज्योतीराम घोडके बावीस वर्षं चाकणच्या एकाच कंपनीत राबला. त्यातल्या बावीस दिवसांची हकीकत सांग म्हटलं असतं, तर बिचाऱ्याला घाम फुटला असता. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चोविसाव्या वर्षी धाराशिवकडून इकडे आला, निगडीच्या ओटास्कीममध्ये खोली केली, लग्न केलं आणि कंपनीच्या बसला जो चढला तो चढतच राहिला. पावणेसहाची बस. बसलेलं त्याला आठवायचं, महाळुंग्याला उतरलेलं आठवायचं. मधलं त्रिवेणीनगर आणि तळवडे रोज कुठे जायचं ते देवाला ठाऊक.

एकदा तर गुरुवारी, म्हणजे ह्या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्याच्या सुट्टीच्या वारी, हा पठ्ठ्या डबा घेऊन चौकात जाऊन उभा राहिला. डबा रिकामा होता. बायको दीपमाला झोपलेली, तिनं भरला नव्हता. ह्यानं ओट्यावरून आपला रिकामाच उचलला. अर्धा तास बसची वाट बघून परत आला तेव्हा दीपमाला पोट धरून हसली. तोही हसला. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत दीपमालाचा फोन आला. म्हणाली, "अवो, आमचे बापू गेले." हा घास चावता चावता म्हणाला, "हां, येताना आणतो." आणि फोन ठेवला. तिचा बाप मेला होता आणि नवरा म्हणतो, येताना आणतो! पंधरा मिनिटांनी, मशिनवर उभा असताना, ते शब्द त्याच्या डोक्यात शिरले. तो धावत घरी गेला, तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. दीपमाला महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पुढे आल्यागेल्याला ती ही गोष्ट सांगायची. ऐकणारे हसायचे, ती हसायची नाही.

तर असा हा माणूस. आणि ह्याला काम काय होतं, तर दोन बटणं दाबायचं.

गाडीच्या सीटखाली लोखंडी चौकट असते. ती रोबोट वेल्डिंग करून जोडतो. जाळीच्या कुंपणात रोबोटचा तो लांबलचक हात उभा, त्याच्यापुढे पार्ट बसवायचा साचा. ज्योतीरामनं कुंपणाबाहेरून साच्यात पार्ट ठेवायचे, ते बसले की 'खट्' असा आवाज येतो, तो आला की दोन्ही तळव्यांनी दोन बटणं दाबायची. रोबोट येतो, ठिणग्या उडवतो, मागे जातो. पुन्हा पार्ट, पुन्हा खट्, पुन्हा बटणं. एका शिफ्टला सहाशे चाळीस वेळा. बटणं दोन कशाला? तर एका हातानं दाबताना दुसरा हात साच्यात राहू नये म्हणून. ज्यानं मशिन बनवलं, त्यानं दाबणाऱ्याच्या हातांची एवढी काळजी घेतली होती. दुसऱ्या कुणाचे हात आत असू शकतात हे त्याला परदेशात बसून सुचलं नसावं.

कुंपणाला एक दार होतं. दार उघडलं की मशिन जागच्या जागी बंद पडणार, असा नियम भिंतीवर तीन भाषांत लावला होता. पण पार्ट तासाला दोनदा तरी साच्यात तिरका अडकायचा. दर वेळी दार उघडून मशिन बंद केलं, तर ते परत ताळ्यावर यायला पाच मिनिटं जातात आणि तिकडे फळ्यावरचा आकडा मागे पडतो. मग काय, दाराच्या कुलपात एक जादा चावी कायमची अडकवलेली. दार सताड उघडं असलं तरी मशिनला वाटायचं, लागलेलं आहे. ही चावी तिन्ही शिफ्टला ठाऊक, सुपरवायझरला ठाऊक, साहेब लोकांनाही ठाऊक. बाहेरचं कुणी तपासायला आलं की ती खिशात जायची आणि गाडी गेटबाहेर पडली की परत कुलपात. खंडेनवमीला रोबोटला हार घातला, तेव्हा ह्या चावीलाही कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. आता बोला!

अडकलेला पार्ट ठोकायला आत जायचा तो गोरक्ष. चाकणच्या पल्याडच्या गावचा, शेतकरी घरचा, सत्तावीस वर्षांचा, अंगानं भरलेला आणि तोंडानं गोड. तीन वर्षं तो ज्योतीरामचा जोडीदार होता, अजून कंपनीत पक्का नव्हता. दिवाळीच्या यादीत त्याचं नाव लागणार असं सगळे म्हणत होते. त्याची आई कुशाबाई दर दोन दिवसांनी ज्योतीरामसाठी वेगळी खुरासणीची चटणी बांधून द्यायची. 'तुज्या दादाला दे, शहरात कुटं मिळती,' म्हणायची.

ह्या दोघांची एक रीत ठरलेली होती. गोरक्ष तांब्याचा हातोडा उचलायचा आणि ओरडायचा, "दादा, आत जातोय!" ज्योतीराम म्हणायचा, "हां," आणि हात मागे घ्यायचा. आत काम झालं की "आलो!" की परत "हां." बस. चावी लावल्यावर गोरक्षच्या जिवाला कुलूप म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, एका माणसाचं 'हां'.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला पार्ट अडकला. गोरक्ष आत गेला. हातोड्याचा एक ठोका बसला, पार्ट साच्यात बसला, खट् आवाज आला, आणि ज्योतीरामचे दोन्ही तळवे बटणांवर गेले.

गोरक्षची किंकाळी ऐकू आली तेव्हा त्याचे हात बटणांवर होते. बटणं गार होती, एवढंच त्याला पुढे आठवायचं. मशिन थांबवायचं लाल बटण शेजारच्या मशिनवरच्या माणसानं धावत येऊन दाबलं; हा आपला उभाच. गोरक्षला बाहेर काढलं, कुणीतरी गळ्यातला गमछा त्याच्या उजव्या हाताला गुंडाळला, गाडी आली, गेली. तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. दुपारी साडेतीनला दुसऱ्या शिफ्टनं मशिन धुऊन चालू केलं. चावी त्या दिवशी काढून ठेवली होती. शुक्रवारी परत लागली.

त्याच दुपारी प्रितमनं ज्योतीरामला ऑफिसात बोलावलं. प्रितम म्हणजे कंपनीचा सेफ्टी ऑफिसर, तिशीचा पोरगा, सगळ्या जुन्या कामगारांना मामा म्हणणारा. त्यानं पाणी दिलं, एसी कमी केला आणि टॅब ज्योतीरामपुढे धरला.

"मामा, मशिन सगळं लिहून ठेवतं बघा. अकरा वाजून चौदा मिनिटं सात सेकंद. दोन्ही बटणं दाबली. तुम्हीच होता ना?"

ज्योतीरामच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला दाबल्याचं आठवत नव्हतं, आणि मशिनला सेकंदासकट आठवत होतं.

"घाबरू नका," प्रितम म्हणाला. "गोरक्षनं आत जाताना तुम्हाला सांगितलं होतं का?"

ज्योतीरामनं डोकं धरलं. सकाळपासूनचं एकेक आठवून बघितलं. चहा आठवला. त्याच्या आधीचं काही नाही, नंतरचं काही नाही, एकदम किंकाळी. "मला... ऐकलेलं आठवत नाही, साहेब."

"म्हणजे सांगितलं नाही."

"आठवत नाही म्हटलं मी."

"तेच ते, मामा. न सांगता गेला तर तुमची काय चूक? तुम्ही तुमचं काम केलं." प्रितमची बोटं कीबोर्डवर चालायला लागली. कागद बाहेर आला. सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारलेली होती. ज्योतीरामनं बावीस वर्षांत अशा हजारो फुल्यांवर सही केली होती. रोज सकाळी मशिन तपासल्याचा कागद यायचा, त्यावर बारा ठिकाणी बरोबरची खूण आणि खाली सही, चहा संपायच्या आत. ह्या कागदावरही त्यानं तशीच सही केली. आणि खरं सांगायचं तर, नुसती सवय म्हणून केली असंही नाही. 'तुमची काय चूक' हे शब्द ऐकून त्याला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं.

गोरक्ष चाकणच्याच एका दवाखान्यात होता. ज्योतीराम चौथ्या दिवशी गेला. त्याआधी पाय उचलला नाही. हाताला बांधलेलं गाठोडं उशीवर ठेवून गोरक्ष पडला होता. कुशाबाई पायथ्याशी बसली होती. ह्याला बघितल्याबरोबर तिनं तोंडाला पदर लावला.

"आवं भाऊ, त्या मुडद्याला डोळं न्हाईत का वं? येवढं मानूस आत हाय, त्ये दिसलं न्हाई त्याला? माज्या लेकराची बोटं खाल्ली त्यानं. जळो ती मशिनी!"

ज्योतीरामनं गोरक्षकडे पाहिलं. गोरक्ष भिंतीकडे बघत होता. तीन वर्षं त्या मशिनवर काढलेला माणूस तो. बटणं दाबल्याशिवाय रोबोट नखभर हलत नाही हे त्याला ठाऊक नसेल? त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं आईला सांगितलं नव्हतं.

"दादा," गोरक्ष म्हणाला, "कंपनीनं लिवलंय, मी न सांगता आत गेलो. नियम मोडला म्हणून मला काढणार. बुधवारी चौकशी हाय. म्या सांगितलं हुतं, दादा. तुमी हां म्हनला, मगच गेलो मी."

"म्हनले व्हते का वं तुमी?" कुशाबाईनं विचारलं. तिच्या डोळ्यांत केवढी आशा होती. "तुमी फकस्त येवढं सांगा त्यास्नी. येका हातानं शेत तर व्हनार न्हाई त्याच्याच्यानं. कंपनीत बशीवलं कुटं तर जगंल."

"बघतो, मावशी," ज्योतीराम म्हणाला. बघतो! ह्या माणसाला तेवढंच सुचलं. तीन वर्षं तिची चटणी खाल्लेल्या जिभेवर दुसरं काही आलं नाही.

घरी येऊन तो जेवला की नाही, सांगता येत नाही. ताट समोर होतं. शेवटी त्यानं दीपमालाला सगळं सांगितलं, बटणांसकट. म्हणाला, "तो म्हणतो सांगितलं होतं. मला आठवतच नाही गं. न आठवता कसं सांगू की हां म्हणालो?"

दीपमालानं गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर बसली.

"तुमी म्हणला असताल," ती म्हणाली.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? बापू गेले तेव्हा काय म्हणलात मला?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

"मी काय बोलते ते तुमच्या कानावर पडत नाही, पण हां मात्र येतो. वीस वर्षं झाली ऐकते मी. आधी वाटायचं माझ्यावर राग आहे. मग वाटलं ऐकू कमी येतं. तसं काही नव्हतं. तुमी आत नसताच." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं तो जास्तच लागला. "त्या पोरानं सांगितलं असणार आणि तुमी हां म्हणला असणार. बुधवारी तेवढं सांगून या. मग तुमाला काढलं तर काढलं."

मंगळवारपर्यंत त्यानं मनाशी वाक्य पाठ केलं. 'साहेब, गोरक्षनं सांगितलं होतं. मी हां म्हणालो होतो. चूक माझी आहे.' आंघोळीला तेच, चहाला तेच, बसमध्ये तेच. बुधवारी तळवडे कधी आलं ते ह्याही खेपेला कळलं नाही, पण निदान ह्या खेपेला डोक्यात काहीतरी चालू होतं.

चौकशी कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत होती. बाहेरून एक वकील आणले होते, चष्मा कपाळावर चढवलेले, घाईत असलेले. प्रितम त्यांच्या शेजारी. समोर गोरक्ष, हात गळ्यात अडकवलेला. कुशाबाईला आत येऊ दिलं नव्हतं, ती गेटवरच्या वॉचमनच्या केबिनजवळ बसली होती. ज्योतीराम खुर्चीत बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वकील कधी 'काय झालं ते सांगा' म्हणतात त्याची वाट बघत राहिला. मनात वाक्य घोळत होतं. गोरक्षनं सांगितलं होतं, मी हां म्हणालो होतो, चूक माझी आहे.

"हे निवेदन तुमचं?" वकिलांनी कागद वर धरला.

"हां."

"सही तुमचीच?"

"हां."

"वाचून केली?"

"हां."

"यात लिहिलेलं सगळं मान्य?"

"हां."

"झालं," वकील म्हणाले आणि कागद फाइलला लावला. "या तुम्ही."

ज्योतीराम उठलासुद्धा! पार दारापर्यंत गेला, मुठीला हात घातला. वाक्य अजून डोक्यात घोळतच होतं, आता विचारतील, मग सांगू. तेवढ्यात मागून गोरक्ष हसला. हसण्यासारखं त्याच्या नशिबात काही राहिलेलं नव्हतं, तरी तो हसला.

"त्या दिवशी बी असंच म्हनले हुते, साहेब," तो म्हणाला. "अगदी असंच."

ज्योतीराम थबकला. दाराची मूठ सोडून तो वळला.

"साहेब, ते खोडा."

"काय खोडा?"

"त्यानं सांगितलं होतं. मी हां म्हणालो होतो आणि तरी बटण दाबलं."

प्रितम अर्धा उठला. "मामा, तुम्ही आत्ताच सगळं मान्य केलंत. आठवतंय का तुम्हाला, त्यानं सांगितल्याचं?"

"नाही आठवत."

"मग? ऐकलंच नव्हतं तर हां कसं म्हणाल?" वकिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"आत्ता कसं म्हणालो, साहेब?" ज्योतीरामचा आवाज फाटला. "चार वेळा म्हणालो तुमच्यापुढं. तुम्ही काय विचारलंत ते सांगा म्हणलं तर एक सांगता येणार नाही मला. मी हेच सांगायला आलो होतो हो! घोकत बसलो होतो इथं, आणि तोंड आपलं हां हां करत सुटलं. त्या दिवशी पण हेच झालं. पोरानं विश्वासानं विचारलं, मी हां म्हणालो, आणि मी तिथं नव्हतोच."

ज्योतीराम लहान पोरासारखा रडायला लागला होता.

"दोष तुमच्यावर येईल," प्रितम हळू आवाजात म्हणाला. "कळतंय ना?"

"कळतंय. ते ऐकलं मी."

वकिलांनी प्रितमकडे पाहिलं, मग फाइलमधून तो कागद काढला, नवा कोरा कागद घेतला आणि लिहायला लागले. ह्या वेळी लिहून झाल्यावर त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. ज्योतीरामनं एकेक शब्द बोट ठेवून परत वाचला आणि मगच सही केली. त्याला पाऊण तास लागला. गोरक्षला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळेल, असं वकील उठता उठता म्हणाले. ज्योतीरामला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, पुढचं पत्रानं कळेल. त्याच्या जागी माणूस घेणारच नव्हते. पार्ट ठेवायलाही आता दुसरा रोबोट बसणार होता.

तो गेटवर आला तेव्हा गोरक्ष मागे कागदांसाठी थांबला होता. वॉचमननं आधीच काहीबाही ऐकून कुशाबाईला सांगितलं असावं. ती लगबगीनं उठली आणि रस्त्यातच त्याच्या पाया पडायला वाकली.

"लई उपकार झालं, भाऊ! तुमी व्हतात म्हनून माजं लेकरू तरलं. न्हाईतर त्या मशिनीनं..."

ज्योतीरामनं तिचे खांदे धरून तिला वर उठवलं. वाटलं, राहू द्यावं. कागदावर सगळं लिहून झालंय, पोराची सोय झालीय, म्हातारीला आणखी कशाला? पण गोरक्ष ते गुपित एकट्यानं छातीवर घेऊन फिरत होता, आणि आयुष्यभर फिरला असता.

"मावशी, मशिन आपोआप चालत नाही," तो म्हणाला. "बटण मी दाबलं."

कुशाबाईला आधी उमगलंच नाही. मग उमगलं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, तिच्या खांद्यांवर होते त्या हातांकडे पाहिलं.

"ह्याच हातानं?"

"हां," ज्योतीराम म्हणाला.

तिनं ते हात एकेक करून आपल्या खांद्यांवरून काढले, पदर नीट केला आणि लेकाची वाट बघत केबिनच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.